ट्रान्सफॉर्मर बाहेरून ठीक दिसत असेल, तर चलनावर सही करून लगेच उतरवून घ्यावा का?

नाही. क्रेन उभी असो, ड्रायव्हर घाई करत असो, साहेबांचा फोनवर फोन येत असो, तरी नाही.

रंग शाबूत आहे, टाकीला पोचा नाही, म्हणजे माल ठीक, हे वाक्य मी साइटवर इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोकं तापतं. मोठा ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा तेलाशिवाय येतो, टाकीत थोड्या दाबाखाली कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून. आत टनावारी वजनाचा कोअर (लोखंडी गाभा) आणि वाइंडिंग (तारांची वेटोळी). ट्रेलरनं करकचून ब्रेक मारला तर टाकी जागच्या जागी राहते आणि आतलं वजन सरकू बघतं. बाहेर ओरखडाही उमटत नाही. इम्पॅक्ट रेकॉर्डर, म्हणजे वाटेतले धक्के नोंदवणारं यंत्र, लावतात ते यासाठीच.

आमच्याकडे एक युनिट आलं, अगदी नवंकोरं दिसणारं. गॅसचा दाब नोंदीप्रमाणे होता (दाब बघताना तापमानही बघायचं, थंडीत तो आपसूक उतरतो). रेकॉर्डर उघडला तर प्रवासाच्या दिशेनं एक दणका मर्यादेच्या बराच वर, रात्रीच्या वेळचा. प्रोजेक्ट इन्चार्ज म्हणाले, ‘‘अहो, गतिरोधक लागला असेल. उतरवून घ्या, मग बघू.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, उतरवल्यावर हा दणका रस्त्यात बसला की आपल्या क्रेननं दिला, हे कोण ठरवणार?’’ त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, क्रेनचं भाडं मात्र तोंडपाठ होतं.

मी चलनावर शेरा लिहिला: रेकॉर्डरमधला आकडा, वेळ, दिशा, ‘तपासणीच्या अधीन राहून’, आणि खाली ड्रायव्हरची सही. तो बिचारा घाबरला होता. शेरा त्याच्याविरुद्ध नाही, मालाच्या स्थितीबद्दल आहे, हे त्याला नीट समजावून सांगितलं. लॅशिंग (माल ट्रेलरला बांधणाऱ्या साखळ्या-दोर), गॅसच्या दाबाचा गेज, रेकॉर्डरचा पडदा, सगळ्याचे फोटो माल ट्रेलरवर असतानाच काढले. मग बनवणाऱ्यांच्या माणसाला बोलावून, अर्थिंगच्या लिंक (कोअर आणि फ्रेम टाकीला जोडणारे दुवे) सुट्या करून ट्रेलरवरच मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला. कोअर ते फ्रेम (कोअरला आवळून धरणारा सांगाडा) रीडिंग चांगलं. फ्रेम ते टाकी जवळजवळ शून्य, म्हणजे मधलं इन्सुलेशन उरलेलंच नाही. आत बघितलं तेव्हा तळाशी फ्रेमला अडवून धरणारा इन्सुलेशनचा ठोकळा निसटलेला होता आणि फ्रेम थेट टाकीला टेकली होती.

युनिट परत गेलं. दावा मंजूर झाला तो त्या शेऱ्यामुळे, कारण तो उतरवण्याआधीचा होता. तरी साहेब आजही म्हणतात, ‘‘तेल भरून चार्ज केला असता तर चालला असता.’’ चालला असता, काही काळ. फ्रेम दोन ठिकाणी टाकीला लागली की बंद वाट तयार होते, तिच्यातून प्रवाह फिरतो, ती जागा तापते, तेलात गॅस बनायला लागतात. पुढे कधीतरी तेलाच्या चाचणीत ते दिसलं असतं आणि तेव्हा बनवणारा, वाहतूकदार आणि आपण एकमेकांकडे बोट दाखवत बसलो असतो. माझ्यामुळे काम लांबलं, हा त्यांचा आरोप मला मान्य नाही. काम त्या ठोकळ्यामुळे लांबलं.

धक्क्याच्या मर्यादेचा आकडा विचाराल तर 3 जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या तिप्पट) हा बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण तुमच्या युनिटच्या पुस्तिकेत दिलेलाच धरा. रेकॉर्डर आला तेव्हा चालू होता का, हेही बघा. बॅटरी संपून बंद पडलेला रेकॉर्डर म्हणजे ‘धक्का नाही’ असा दाखला नव्हे. आणि ट्रान्सफॉर्मर प्लिंथवर (त्याच्या पक्क्या चौथऱ्यावर) टेकेपर्यंत रेकॉर्डर काढू नका, खाली ठेवतानाचा दणकाही दणकाच असतो.

उचलताना टाकीचे मुख्य लग (उचलण्यासाठीचे कान) चारही वापरा. झाकणाच्या हुकांना स्लिंग (उचलायचा दोर) लावणाऱ्याला तिथंच थांबवा, ते हुक फक्त झाकणापुरते असतात. दोन स्लिंगमध्ये भार समान वाटला असेल आणि त्या आडव्या रेषेशी 60 अंशात असतील, तर प्रत्येकीवर साधारण 58 टक्के भार येतो. 30 अंशात प्रत्येकीवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. खलाशी (माल उचलणारे कामगार) अनुभवी असले तरी कोन स्वतः बघा.

ट्रान्सफॉर्मरसोबत येणाऱ्या विजेच्या पॅनेलांचं थोडक्यात: उभीच ठेवा, उभीच हलवा, आणि साठवणुकीत स्पेस हीटरला (आतला दमटपणा घालवणाऱ्या छोट्या हीटरला) सप्लाय द्या. नुसतं प्लॅस्टिक गुंडाळलं की आत दमट हवा कोंडते आणि बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) पाणी धरतं.

आता तीन गोष्टी ज्या आधीच लिहायला हव्या होत्या. ट्रेलर धोक्याच्या जागी उभा असेल, तर शेरा लिहून, फोटो काढून उतरवून घ्या. माणसं आधी. रेकॉर्डर मर्यादेत असला तरी मेगर आणि एसएफआरए (वेगवेगळ्या वारंवारितांना वाइंडिंगचा प्रतिसाद मोजून आत काही सरकलंय का ते दाखवणारी चाचणी) टाळू नका. एसएफआरएची तुलना कारखान्यातल्या त्याच, म्हणजे वाहतुकीच्या स्थितीत घेतलेल्या आलेखाशीच करा. आणि टाकीत नायट्रोजन असेल तर झाकण उघडून कुतूहलानं डोकं आत घालू नका. त्याला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. कोरडी हवा फिरवून, ऑक्सिजन किमान 19.5 टक्के आहे हे मीटरवर बघून, बाहेर एक माणूस उभा करूनच आत उतरायचं. यात घाई करायला साहेबांनी सांगितलं, तरी ऐकू नका.