तिरक्या भिंतींचं घर काढताना

तिरक्या भिंतींचं आणि उतरत्या छपराचं घर कसं काढायचं, असं तुम्ही विचारलंत. घराचा आकार वेडावाकडा आहे म्हणून घाबरू नका, स्वीट होम थ्रीडी या घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नीट काढता येतो. फक्त मापं घेताना कर्ण मोजायचा राहून जातो. चारही भिंतींची लांबी तीच ठेवून चौकोन हवा तसा कलू शकतो, म्हणून प्रत्येक खोलीचा निदान एक कर्ण मोजाच. दुसराही मोजलात तर ताळा मिळतो. माप आतून घेतलं की बाहेरून, तेही तिथल्या तिथे लिहा. नाहीतर भिंतीच्या जाडीचा घोळ होतो.

मग काढताना:

- मॅग्नेटिझम, म्हणजे रेषा आपोआप ठरावीक कोनाला चिकटवणारी सोय, बंद करा. नवखे इथेच सर्वात जास्त अडकतात. ते चालू असलं की भिंत १५ अंशांच्या पटीत वळते आणि तुमचा ८७ अंशांचा कोपरा गुपचूप ९० होऊन बसतो.
- भिंत ओढताना एंटर दाबा. लांबी आणि कोन आकड्यांत भरता येतात.
- टोकं जुळवा. फट राहिली तर खोली काढायचं टूल घेऊन भिंतींच्या आत डबल क्लिक करूनही खोली तयार होत नाही.

गोल भिंतीसाठी छोटे तुकडे जोडत बसू नका. एकच सरळ भिंत काढून तिच्या गुणधर्मांत कमानीचा कोन भरा.

उतरतं छप्पर सध्या बाजूला ठेवा. आधी तळमजल्याच्या सगळ्या भिंती फट न राहता जुळू देत, मग जरूर विचारा.