वाचक विचारतात : ‘फायनल फँटसी’ कुठून सुरू करावी?

जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेमबद्दल नागपूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यातले बहुतेक ‘फायनल फँटसी’ या एकाच मालिकेबद्दल असल्यामुळे या वेळचं सदर तिलाच दिलं आहे.

प्रश्न : मालिकेत सोळा क्रमांकित भाग आहेत म्हणे. पहिल्यापासून खेळायला घेतलं तर जन्म जाईल आणि मधूनच घेतलं तर कथा कळणार नाही. काही समजून नाही राहिलं. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, मानेवाडा

मधूनच घ्या. प्रत्येक क्रमांकाची कथा, पात्रं आणि जग वेगळं आहे. चौथ्या भागातला राजा पाचव्यात भेटत नाही. चोकोबो नावाचा पिवळा पक्षी, मूगल नावाचे छोटे केसाळ प्राणी, क्रिस्टल, विमानासारखी जहाजं, ‘क्युअर’ आणि ‘फायर’ ही मंत्रांची नावं एवढंच सामायिक असतं. त्यामुळे पहिला भाग खेळला नाही म्हणून सहाव्यात काही अडत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे : जुन्या सहा भागांपैकी चौथा आधी, मग पाचवा किंवा सहावा, नंतर वाटलं तर पहिला आणि तिसरा, दुसरा सगळ्यात शेवटी. सहावा सर्वांत चांगला असं अनेक जण सांगतात आणि ते खोटं नाही. पण त्यात खेळता येणारी चौदा पात्रं आहेत, प्रत्येकाचं लढाईतलं तंत्र वेगळं, आणि उत्तरार्धात गेम तुम्हाला मोकळं सोडून देतो. कुठे जायचं, कोणाला आधी शोधायचं हे तुम्हीच ठरवायचं. या प्रकारच्या गेमची सवय नसलेला माणूस तिथे हरवतो आणि दोष स्वतःला देतो.

चौथ्यात तसं होत नाही. संघात कोण असणार हे कथा ठरवते, कोण कुठला मंत्र शिकणार हेही ठरलेलं असतं. म्हणजे पात्र चुकीचं घडवण्याची सोयच नाही. साधारण वीस तासांत गेम संपतो आणि पुढच्या भागांत लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाटेत शिकवून जातो.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून चौथा घेतला तर नवखा माणूस नेमका कुठे अडकतो? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

पहिली अडचण सेटिंगमध्येच असते. लढाईत घड्याळ सतत चालू ठेवण्याची पद्धत याच भागापासून, १९९१ पासून आली. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबत नाही. कॉन्फिगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ऐवजी ‘वेट’ निवडा. पण ‘वेट’मध्ये सगळंच थांबतं असा समज करून घेऊ नका. मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडलेली असताना वेळ थांबते, मुख्य आज्ञांच्या चौकटीवर नुसतं बघत बसलं तर थांबत नाही. विचार करायचा असेल तर आधी वस्तूंची यादी उघडा आणि मग करा.

दुसरी अडचण पहिल्याच मोठ्या शत्रूपाशी. मिस्टच्या गुहेच्या टोकाला धुक्याचा ड्रॅगन आहे. तो मधूनच विरघळून धुकं होतो. त्या अवस्थेत त्याला मारलं की उलट थंड धुक्याचा फटका सगळ्यांना बसतो. पुन्हा ड्रॅगन होईपर्यंत हात आवरायचा, तेवढ्यात पोशन, म्हणजे बरं करणारं औषध, पाजून घ्यायचं. लोक इथे हरतात ते नायक सेसिलचा साथीदार केन याच्या ‘जंप’मुळे, म्हणजे उडी मारून वरून करायच्या हल्ल्यामुळे. उडी मारताना समोर ड्रॅगन असतो, केन खाली येईपर्यंत धुकं झालेलं असतं, आणि फटका ठरलेला. या लढाईत केनला साधा हल्लाच करू द्या. निघण्याआधी बॅरन या सुरुवातीच्या शहरातून पोशन भरपूर घ्या. इथे सेसिल आणि केन या दोघांपैकी कोणालाच बरं करण्याचा मंत्र येत नाही.

तिसरी जागा ऑर्डील्स पर्वत. तिथे भुतंप्रेतंच जास्त, आणि सेसिलची काळी तलवार त्यांच्यावर फारशी चालत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं, कथेसाठी मुद्दाम तसं रचलेलं आहे. मंत्रवाल्यांकडून ‘फायर’ टाका. प्रेतांवर ‘क्युअर’सुद्धा टाकता येतो, त्याने ती बरी न होता जखमी होतात. स्कारमिग्लिओने नावाचा शत्रू इथे एकदा मेला की लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. त्याच वेळी मेनू उघडून सगळ्यांना बरं करून घ्या, कारण तो पुलावर पुन्हा येतो आणि पाठीमागून येतो. पाठीमागून हल्ला झाला की रांगा उलटतात : मागे ठेवलेले नाजूक मंत्रवाले पुढे येतात. मागच्या रांगेत शस्त्राचा मार निम्मा बसतो, हा सगळा फायदा त्या क्षणी जातो. म्हणून पहिल्याच पाळीला ‘रो’, म्हणजे रांग, बदलून घ्या. शिखरावर सेसिलला एकट्याला उभं राहावं लागतं. तिथे हल्ला न करता फक्त ‘डिफेंड’ करत राहा. याहून जास्त सांगितलं तर मजा जाईल.

आणखी एक : या भागात पात्रं कथेच्या ओघात येतात-जातात, जाताना अंगावरचं सामान बहुधा घेऊनच जातात. नव्या पाहुण्यासाठी दुकानातली सगळ्यात महाग तलवार घेण्याची घाई नको.

प्रश्न : एका जुन्या यादीत तिसरा भाग म्हणजे टेरा नावाच्या मुलीची कथा असं दिलंय. माझ्याकडच्या तिसऱ्या भागात टेरा कुठेच नाही. – एक वाचक, महाल

तुमचा गेम बरोबर आणि यादीही तिच्या काळापुरती बरोबर. जपानमध्ये दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग निघाले तेव्हा ते अमेरिकेत गेलेच नाहीत. त्यामुळे तिकडे चौथा ‘दुसरा’ म्हणून विकला गेला आणि १९९४ चा सहावा ‘तिसरा’ म्हणून. १९९७ मध्ये सातवा आला तेव्हापासून जगभर एकच आकडा चालतो. आज विकत मिळणाऱ्या आवृत्त्यांवर जपानी क्रमांकच असतात. टेरा हवी असेल तर सहावा घ्या.

प्रश्न : मोबाइलवर चौथ्या भागाच्या दोन-दोन आवृत्त्या दिसतात. शिवाय लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. काय घ्यावं? – एक वाचक, हिंगणा रोड

नावाजवळ ‘पिक्सेल रिमास्टर’ लिहिलेली आवृत्ती घ्या. ‘थ्रीडी रिमेक’ लिहिलेली आहे ती निन्टेन्डो डीएससाठी २००७ मध्ये केलेल्या रूपावरून आलेली. ती वाईट नाही, पण बरीच कठीण आहे. वर सांगितलेला धुक्याचा ड्रॅगनसुद्धा त्यात जास्त छळतो. तिसऱ्या भागाच्याही अशाच दोन आवृत्त्या आहेत.

पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रिमास्टर जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात टप्प्याटप्प्याने आले, पुढे २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ४ वर. जुन्या खेळांची पात्रं ठिपक्या-ठिपक्यांनी काढणाऱ्या काझुको शिबुया यांनीच ती नव्याने काढली, आणि संगीताच्या नव्या मांडणीवर मूळ संगीतकार नोबुओ उएमात्सु यांची देखरेख होती. म्हणजे रंगरंगोटी उपऱ्याच्या हातची नाही. गेम हलके आहेत. ४ जीबी रॅम आणि आतलंच ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर चालतात, फक्त ब्राउझरचे टॅब बंद करून बसा. मे महिन्यात ४५ अंशांत लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, खालची हवा कोंडते आणि प्रोसेसर वेग कमी करतो. कूलरच्या थेट झोतातही नको, दमट हवा मशीनला मानवत नाही.

सहाही भागांचा गठ्ठा स्वस्त दिसतो, पण आधी एकच घ्या. स्टीम या कम्प्युटर-गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. दोन तासांत तुम्ही मिस्टची गुहा ओलांडलेली असता, आवड-नावड कळायला तेवढं पुरतं.

प्रश्न : लोकमान्यनगरहून सीताबर्डीला रोज मेट्रोने जातो. तेवढ्या वेळात मोबाइलवर खेळून घरी कम्प्युटरवर पुढे नेता येईल का? – एक वाचक, एमआयडीसी परिसर

पुढे नेता येणार नाही. मोबाइलवरचा सेव्ह कम्प्युटरवर जात नाही. म्हणून एकच गेम दोन्हीकडे घेऊ नका. मोबाइलवर एक भाग, घरी दुसरा असं करा.

मेट्रोसाठी पाचवा भाग उत्तम. कथा हलकीफुलकी, आणि दोन-चार लढायांतही काहीतरी पदरात पडतं. सुरुवातीला वाऱ्याच्या मंदिरात क्रिस्टल फुटला की पात्रांना देता येणारे सहा व्यवसाय मिळतात : नाइट, मंक, थीफ, व्हाइट मेज, ब्लॅक मेज, ब्लू मेज (मेज म्हणजे जादूगार; व्हाइट बरं करणारा, ब्लॅक हल्ला करणारा). पुढे ते वाढत जातात. प्रत्येक लढाईत अनुभवासोबत व्यवसायाचे वेगळे गुण मिळतात आणि त्यातून शिकलेलं कसब दुसऱ्या व्यवसायात वापरता येतं. उदाहरणार्थ, कोणालाही थोडा वेळ मंक करून ‘बेअरहँडेड’, म्हणजे नुसत्या मुठीने लढणं, शिकवा आणि मग व्हाइट मेज करून ते कसब लावा. काठीने गुदगुल्या करणारा वैद्य एकदम मुठीने शत्रू लोळवू लागतो. व्यवसाय बदलला म्हणून आधीचं शिकलेलं पुसलं जात नाही, तेव्हा बदलायला भिऊ नका. मात्र एकाच वेळी चौघांनाही नवशिक्या व्यवसायात टाकलं तर पुढचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, धुऊन काढतो. दोघे जुने, दोघे नवे ठेवा. आणि कार्लाबोस नावाच्या खेकड्यासारख्या प्राण्यापर्यंत एक ब्लॅक मेज ‘थंडर’सह तयार असू द्या, वीज त्याला सोसत नाही.

जागा बदलली की गेम आपोआप सेव्ह होतो आणि लढाई नसेल तेव्हा मेनूतून ‘क्विक सेव्ह’ कुठेही करता येतो. लढाईच्या मध्यात मात्र काहीच जपलं जात नाही. सीताबर्डी आलं म्हणून बॉसच्या लढाईत अ‍ॅप बंद केलं तर ती लढाई परत. हेच घरी बिनयूपीएसच्या कम्प्युटरवर, वादळी पावसात लाइट गेली की.

प्रश्न : पिक्सेल रिमास्टरमध्ये लढाया नको तेव्हा बंद करता येतात, अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) चौपट करता येतो. हे वापरलं तर खेळल्यासारखं होतं का? – एक वाचक, सदर

खुशाल वापरा, पण क्रम सांभाळा. अनुभव चौपट करून लढाया चालू ठेवणं निर्धोक आहे, वेळ वाचतो इतकंच. लढाया बंद करून गुहा पार करणं धोक्याचं : टोकाला बॉस असतो आणि तुम्ही गुहेच्या दारात होता त्याच लेव्हलवर त्याच्यासमोर उभे राहता. रस्ता चुकून परत फिरताना किंवा राहिलेली पेटी शोधताना लढाया बंद कराव्यात.

ऑटो-बॅटल प्रत्येक पात्राची मागची आज्ञा पुन्हा देतं. मागच्या लढाईत जादूगाराने मोठा मंत्र टाकला असेल तर तो किरकोळ वटवाघळांवरही तोच टाकत बसतो आणि बॉसपर्यंत एमपी, म्हणजे मंत्रांसाठी लागणारे गुण, संपतात. ऑटो लावण्याआधी एकदा सगळ्यांना ‘अटॅक’ द्या.

प्रश्न : मुलगा सहावीत, मराठी माध्यमात आहे. गेम मराठीत किंवा हिंदीत आहेत का? नसतील तर कोणता झेपेल? – एक आई, नंदनवन

दोन्ही भाषांत नाहीत, इंग्रजीतच खेळावे लागतील. त्याच्यासाठी मात्र आमचा नेहमीचा सल्ला बदलतो : पहिला भाग द्या. १९८७ चा गेम, संवाद दोन-दोन ओळींचे, कथा सरळ. अटॅक, डिफेंड, फ्ली, इक्विप, आयटम, इन (मुक्कामाची खाणावळ) एवढे शब्द कळले की गाडी चालते. चौथा आणि सहावा बोलघेवडे आहेत, ते आठवी-नववीत.

सुरुवातीला सहा व्यवसायांतून चार निवडायचे असतात आणि ते नंतर बदलता येत नाहीत. वॉरियर, मंक, व्हाइट मेज, ब्लॅक मेज ही चौकडी ठेवा. थीफ नावावरून मुलांना फार आवडतो, पण या भागात बराच काळ तो कुचकामी असतो. मंत्रांच्या प्रत्येक पातळीवर चार मंत्र विकतात आणि तीनच शिकता येतात. ब्लॅक मेजला पहिल्या पातळीवर फायर, थंडर, स्लीप. व्हाइट मेजला क्युअर, डाया आणि ब्लिंक. मार्श केव्ह म्हणजे दलदलीची गुहा ही पहिली खरी परीक्षा, तिथे विष चढवणारे शत्रू फार, तेव्हा अँटिडोट, म्हणजे विषावरचा उतारा, विकत घेऊनच आत जायला सांगा. ‘मी हरलोच’ म्हणून तो रडकुंडीला आला तर बहुधा याच गुहेत.

प्रश्न : दुसरा भाग शेवटी का? – एक वाचक, इतवारी

त्यात लेव्हलच नाही. तलवार चालवली की तलवारीचं कसब वाढतं, मंत्र टाकला की तोच मंत्र वाढतो, मार खाल्ला की जीव वाढतो. कल्पना धाडसी, पण नवखा माणूस सगळं थोडं-थोडं वापरतो आणि कशातच पुढे जात नाही. खेळायचाच असेल तर प्रत्येकाला एक-दोन शस्त्रं ठरवून द्या. तिसरा भाग त्या मानाने सोपा. तिथे ‘मिनी’ मंत्राने लहान होऊन काही गुहांत शिरावं लागतं आणि लहान असताना शस्त्रांचा मार जवळजवळ शून्य होतो. तेवढ्यापुरतं चौघांनाही ब्लॅक मेज करून टाका.

प्रश्न : सातव्याचा नवा रिमेक आधी खेळला तर? – एक वाचक, धरमपेठ

चालेल, पण तो वेगळाच खेळ आहे. हाताच्या चपळाईची लढाई आहे आणि २०२० च्या भागात मूळ कथेचा सुरुवातीचाच तुकडा येतो. पुढचा तुकडा २०२४ मध्ये आला. शिवाय मूळ गेम ठाऊक असलेल्यांसाठी त्यात बऱ्याच खाचाखोचा आहेत. १९९७ चा मूळ सातवा मोबाइलवर आणि कम्प्युटरवर मिळतो. तो आधी.