आई-बाबांना अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय, मग ते सलग वर्षभर राहू शकतात का?

नाही राहू शकत. पासपोर्टवर चिकटवलेल्या बी१/बी२ व्हिसाचा, म्हणजे कामकाजाच्या किंवा फिरण्या-भेटण्याच्या तात्पुरत्या भेटीच्या व्हिसाचा, अर्थ एवढाच, की त्या मुदतीत ते अमेरिकेच्या दारात येऊन उभे राहू शकतात. आत घ्यायचं का, आणि घेतलं तर किती दिवस, हे विमानतळावर खिडकीत बसलेला अधिकारी ठरवतो. भेटीला आलेल्यांना साधारण सहा महिने मिळतात, पण दर खेपेला तारीख नवी.

ही तारीख ज्यात असते ती नोंद म्हणजे आय-९४. विमानाने येणाऱ्यांसाठी ती २०१३ पासून ऑनलाइनच असते, पूर्वीसारखं पांढरं कार्ड पासपोर्टात खोचून देत नाहीत. माझे आई-बाबा नेवार्कला उतरले की घरी पोचायच्या आत मी सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा आणि सीमाशुल्क खात्याच्या, साइटवर त्यांचा पासपोर्ट नंबर टाकून नोंद उघडते. नाव, जन्मतारीख, 'बी२' आणि 'कधीपर्यंत' हे चारही नीट वाचा. चूक तेव्हाच कळली तर दुरुस्त करून घेता येते. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर अधिकारी त्याच तारखेपर्यंत राहायला देऊ शकतो, म्हणून निघण्याआधी नूतनीकरण केलेलं बरं. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, नवा व्हिसा लागत नाही.

आय-९४ची तारीख उलटूनही इथेच राहिलं की दहा वर्षांचा व्हिसा त्याच क्षणी रद्द. त्यापुढे १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. 'चार दिवस जास्त झाले तर कोण बघतंय' म्हणणारे काका प्रत्येक ओळखीत असतात, त्यांचं ऐकू नका.

आता खिडकीवरचे प्रश्न. कशाला आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. आपली मंडळी कौतुकाने सांगून टाकतात, 'नातवाला सांभाळायला आलोय.' समोरच्याला त्यात बिनपगारी का होईना, काम ऐकू येतं, आणि या व्हिसावर काम चालत नाही. मुलीला आणि नातवाला भेटायला आलोत, हे खरंही आहे आणि पुरेसंही. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागावा, त्यात कमीपणा नाही.

बॅगेत लाडू, चिवडा, मेतकूट खुशाल असू द्या, फक्त विचारलं की खाण्याचं आहे असं सांगायचं. कढीपत्ता, ताजी फळं, सुकं मटण मात्र घरीच. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.

खरंच सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, समजा बाळंतपण आहे, तर आय-९४ची तारीख संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज भरून मुदतवाढ मागता येते, आणि त्यात कारण पटेल असं द्यावं लागतं. दुसरा मार्ग लोक वापरतात तो म्हणजे सहा महिने राहून भारतात जायचं आणि लगेच परत यायचं. मध्ये किती महिने जायला हवेत असा नियम कायद्यात नाही, पण वर्षातला बराचसा काळ इथेच दिसला तर पुढच्या वेळी अधिकारी कसून चौकशी करतो आणि सहाऐवजी एखादाच महिना देऊ शकतो.