पापी माणसाने आधी सुधारावे आणि मगच देवाकडे जावे, असे ख्रिस्ती धर्म सांगतो का?

नाही, क्रम उलटा आहे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (बोधकथेत), वाटणी घेऊन परदेशी गेलेला आणि डुकरे चारण्याची वेळ आलेला धाकटा मुलगा ‘मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे वाक्य मनाशी जुळवून परततो. पण तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि ते वाक्य ओठांवर येण्याआधीच झगा, अंगठी व जोडे आणायला सांगतो. या कथेतला बाप म्हणजे देव: अपराध मुलाचा, आणि धावतो बाप. हे वाचताना मला दरवेळी भरून येते. पश्चात्ताप हवाच, मुलगा उठून निघालाच होता; मात्र ‘आधी अंगावरची घाण धुऊन ये’ अशी अट बापाने घातली नाही. धाकट्याच्या स्वागतावरून रुसलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालायलाही तोच घराबाहेर आला.