कोल्हापुरात एमए इतिहास करतोय, मध्ययुगीन स्पेशल. पुढं पीएचडीचा विचार आहे. रिसर्च मेथडॉलॉजीची दोन वर्कशॉप झाली, आता सुट्टीत अजून कुठलं करू?

कुठलंच नको. दोन झाली तेवढी बास. माझी पण हीच गत होती, सर्टिफिकेटं दोन, हायपोथेसिसची व्याख्या तोंडपाठ आणि मोडी कागद समोर आला की डोळ्यापुढं नुसत्या जिलब्या. माझं स्पष्ट मत, एवढ्यात विषय पण ठरवू नका. एक जुना कागद वरच्या मायन्यापासून (सुरुवातीचा मजकूर) खालच्या मोर्तबापर्यंत (शेवटचा शिक्का) स्वतःचा स्वतः वाचता आला पाहिजे, तेच ट्रेनिंग, बाकीचं त्याच्या मागनं येतं.

मोडीचा दहा-पंधरा दिवसांचा क्लास केला की अक्षरओळख होते, वाचता येत नाही, आणि हे क्लासात कुणी सांगत नाही. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत सुटायचं अशी ती पद्धत, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, त्यामुळं शब्द कुठं संपला हे ती जुनी भाषा कानात असल्याशिवाय कळतच नाही, आणि त्या भाषेत पावलोपावली फारसी शब्द. मी युनिव्हर्सिटीच्या खर्डेकर लायब्ररीत बसायचो, ज्या पुस्तकात मूळ कागदाचा फोटो आणि शेजारी बाळबोध म्हणजे देवनागरीत वाचन छापलंय असं पुस्तक घ्यायचं, वाचनावर वही झाकायची, रोज पाच ओळी लिहून काढायच्या, मग वही सरकवून चुका मोजायच्या. पहिला महिना लाज वाटायची. तिसऱ्या महिन्यात कारकुनाचं वळण ओळखू यायला लागलं, मग मात्र मजा आली.

आता तारखा. इथं मी सणसणीत आपटलोय म्हणून जरा लांबण लावतो. पन्हाळ्याकडच्या एका गावच्या इनामाचा कागद होता, तारखेत छ आणि सफर महिना, पुढं सन इहिदे सबैन व अलफ. छ म्हणजे चंद्र, इहिदे एक, सबैन सत्तर, अलफ हजार, झाले 1071. सफर हा मुसलमानी महिना दिसला म्हणून मी बिनधास्त हिजरी, म्हणजे मुसलमानी चांद्र सन धरलं. हिजरी 1071 चा सफर म्हणजे 1660 चा ऑक्टोबर, म्हणजे पन्हाळ्याचा सिद्दी जौहरचा वेढा नुकताच होऊन गेलेला! मी तर उडालोच, वेढ्यानंतर गावाची कशी वाताहत झाली यावर सेमिनारला वीस पानं खरडली. सरांनी वाचून एवढंच विचारलं, हा सुहूर सन नाही कशावरून? झालं की. सुहूर 1071 म्हणजे 1670-71, वीस पानं दहा वर्षं चुकलेली.

भानगड अशी की सुहूर सन इ.स. 1344 ला हिजरीवरूनच निघाला, पण वर्ष सौर, मृग लागला की बदलणारं, आणि महिने-तारखा मात्र चंद्राच्या मुसलमानीच ठेवल्या. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, त्यामुळं ते दरवर्षी दहा-अकरा दिवस पुढं पळत राहिलं आणि शिवकालापर्यंत दोघांत दहा वर्षांचं अंतर पडलं. इसवी सन काढायला सुहूर आकड्यात 599 किंवा 600 मिळवायचे, शकात 78 किंवा 79, आणि तरी जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टकांचं पुस्तक, उघडून बघायचीच. 1728 च्या पुढं मोडक जंत्री, त्याआधी शिवकालासाठी खरे जंत्री. मोडक आपल्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवायचे बरं का, इतिहासवाल्यांना लागणारी जंत्री विज्ञानाच्या माणसानं केलीय.

दप्तरखान्यात जाल तेव्हा रुमाल नंबर (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) आणि त्यातल्या पुडक्याचा नंबर आधी वहीत, मगच वाचायला सुरुवात. नंतर लिहू म्हणालात की गेलं, परत तो कागद घावत नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो वगैरे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, त्यावर लेक्चर कशाला पाहिजे.

फारसी पूर्ण येत नसली तरी लिपी शिकून घ्या, कारण आदिलशाही फर्मानं बऱ्याचदा दुभाषी असतात, वर फारसी आणि खाली मराठी, आणि दोन्हीत थोडा फरक निघाला तर तिथंच खरा प्रश्न सापडतो.

एखादा रविवार खिद्रापूरला जावा, कोपेश्वराच्या देवळात यादवांच्या सिंघणाचा शिलालेख आहे. दुपारी नको, सकाळी नाहीतर संध्याकाळी, तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात. आणि वाचता येत नाही म्हणून खडू, तेल असलं काही दगडाला लावू नका, लोकांनी लय वाट लावलीय त्यापायी.

कागद वाचताना कुठं अडलं तर फोटो इथं टाका, बघतो. पण एकटा शब्द कापून नको, सबंध कागद टाका, वरच्याखालच्या ओळी दिसल्याशिवाय मला पण तो लागायचा नाही.