धुक्यातली वाट आणि आरशाचे होकायंत्र

प्रश्न : पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर धुक्यात वाट सापडत नाही. आरशाचे होकायंत्र घ्यावे काय?

उत्तर : अवश्य घ्यावे, मात्र द्रवाने भरलेल्या तबकडीत बुडबुडा नाही ना, हे दुकानातच पाहावे. धुके दाटण्यापूर्वी होकायंत्र डोळ्यांच्या उंचीवर आडवे धरून, आतून आरसा असलेले झाकण तिरपे करून, झाकणाच्या खाचेतून पुढचा ठळक खडक टिपावा आणि त्याच वेळी आरशात पाहत, सुई तिच्या खाली आखलेल्या बाणावर येईपर्यंत तबकडी फिरवून अंश वाचावेत; धुक्यात त्याच अंशाच्या दिशेने चालावे. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सुमारे १७ मीटरची असते. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतील फरक एका अंशाहूनही कमी असल्याने तो सोडून दिला तरी चालेल. मोबाईल मात्र दूर ठेवावा. सह्याद्रीचा बेसाल्टही कधीकधी सुईला ओढतो, तेव्हा होकायंत्र कातळावर टेकवू नये.