१७ मार्च आणि हिरवा रंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत दुसरीत शिकते. सेंट पॅट्रिक दिनाला तिने हिरवं काही घातलं नव्हतं म्हणून वर्गातल्या मुलांनी तिला चिमटे काढले. ही कुठली रीत?

सेंट पॅट्रिक हा आयर्लंडचा संत, पण ही रीत आयर्लंडची नव्हे, अमेरिकेतली. तिथे सांगतात, की हिरवं घातलं की लेप्रेकॉन या परीकथेतल्या बुटक्याला आपण दिसत नाही. नाही घातलं तर तो चिमटा काढतो. मग त्याच्या वतीने वर्गमित्रच ते काम उरकतात.

आयर्लंडच्या लोककथांतला लेप्रेकॉन म्हणजे एकटा राहणारा, खडूस, बुटका चांभार. आज त्याला हिरव्या कोटात रंगवतात, पण जुन्या वर्णनांत त्याचा डगला लाल आहे. कवी येट्सने तर सरळ विभागणीच करून ठेवली आहे: घोळक्याने फिरणाऱ्या पऱ्या हिरव्या कपड्यांत, एकलकोंड्या लाल. हिरवा पऱ्यांचा रंग म्हणून तो अंगावर घालणं अपशकुनी मानणारेही आयर्लंडमध्ये होते. म्हणजे तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही! पुढच्या वर्षी हवी तर हिरवी रिबीन बांधा, पण चिमट्यांचं बाईंच्या कानावर घालाच.

प्रश्न: सेंट पॅट्रिक स्वतः हिरवे कपडे घालत असे का?

पाचव्या शतकातल्या या धर्मप्रचारकाच्या कपड्यांचा रंग सांगणारा पुरावा नाही. १७८३ साली त्याच्या नावाने सरदारांचा मानाचा संघ स्थापन झाला, तेव्हा त्याला रंग दिला तो आकाशी निळा. हिरवा आला बंडखोरीतून. १६४०च्या दशकात इंग्रजी सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांच्या हिरव्या निशाणावर सोनेरी वीणा होती. १७९१ मध्ये बेलफास्टला स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ने तोच रंग उचलला आणि १७९८च्या उठावानंतर हिरवं मिरवणं म्हणजे बंडाची खूण ठरली. परीकथा गोड आहेत, पण या रंगाचं खरं मूळ मला इथेच दिसतं.

प्रश्न: शॅमरॉक म्हणजे चार पानांचं नशीबवान क्लोव्हरच ना?

नाही, शॅमरॉक हे तीन पानांचं छोटं रोप. पॅट्रिकने त्या तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही कल्पना समजावली, ही कथा छापील स्वरूपात १७२६च्या सुमारास, वनस्पतींवरच्या एका पुस्तकात दिसते. ते अंगावर मिरवायची प्रथा मात्र त्याआधीची: १६८१ मध्ये टॉमस डायनली या इंग्रज प्रवाशाने लिहिलंय, की १७ मार्चला सामान्य लोक शॅमरॉक अंगावर मिरवतात, आणि तोंडाला चांगला वास यावा म्हणून खातातही. रात्री शेवटच्या पेल्यात ते बुडवून पिण्याचीही चाल आहे.

या दिवसानिमित्त आयरिश पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकने भरलेलं काचेचं भांडं देतात. पंतप्रधान असताना लिओ वराडकरांनीही ते दिलं. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे.

प्रश्न: शिकागोची नदी खरंच हिरवी करतात?

हो, १९६२ पासून. सांडपाण्याच्या गळत्या शोधायला प्लंबर जो रंग वापरत, त्यावरून ही कल्पना सुचली. पावडर मात्र नारिंगी असते. पाण्यात पडल्यावर हिरवी होते.